राउटरवर वेग थोडा आवळला की नेट सुरळीत का चालतं

कनेक्शन १०० एमबीपीएसचं (मेगाबिट प्रति सेकंद) आहे. स्पीड टेस्ट ९५ दाखवते. तरीही घरात कोणी मोठा व्हिडिओ वर चढवायला लावला की दुसऱ्याच्या कॉलचा आवाज तुटतो, गेममधला पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांवरून ६००वर उडी मारतो आणि साधं वेबपान उघडायला चार-पाच सेकंद लागतात. अशा वेळी बहुतेक जण आणखी मोठा प्लॅन घेऊन मोकळे होतात. त्याने कधी थोडा फरक पडतो, कधी काहीच पडत नाही. कारण इथे बँडविड्थ संपलेली नसते, रांग वाढलेली असते.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’, ‘बँडविड्थ कंट्रोल’, ‘स्मार्ट क्यू’, ‘ट्रॅफिक शेपिंग’ अशा नावांची पानं असतात. त्यांचं पहिलं काम ही रांग ताब्यात घेणं. कोणाला किती वेग द्यायचा, कोणाला पुढे सोडायचं, हे सगळं त्यानंतर येतं. लोक नेमकं उलट करतात. आधी माणशी मर्यादा घालतात, गेमला ‘हायेस्ट’ प्राधान्य देतात, आणि मग काहीच बदललं नाही म्हणून ते पान पुन्हा कधी उघडत नाहीत.

रांग लागते कुठे

इंटरनेटवर माहिती पॅकेटांच्या रूपात जाते. एक भरलेलं पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. घरातला लॅपटॉप राउटरकडे ती १००० एमबीपीएसने पाठवू शकतो, पण बाहेर जाणारी वाट समजा १० एमबीपीएसचीच आहे. पॅकेटं शंभरपट वेगाने येतात आणि बाहेर मात्र आपल्या गतीने एकेक जातात. मधे जी साचतात ती बफर नावाच्या मेमरीत थांबतात.

बफर हवाच. तो नसेल तर जरा गर्दी झाली की पॅकेटं गळतील. प्रश्न त्याच्या आकाराचा आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेटवर्क कार्डाच्या रांगेची लांबी बराच काळ सरसकट १००० पॅकेटं धरलेली असायची. १००० पॅकेटं म्हणजे १ कोटी २० लाख बिट. १० एमबीपीएसच्या वाटेवरून ती बाहेर पडायला १.२ सेकंद लागतात. म्हणजे ही रांग भरलेली असताना तुमच्या कॉलचं एक छोटंसं पॅकेट आलं, तर त्याला सव्वा सेकंद नुसतं उभं राहावं लागणार. आवाजाच्या संभाषणात एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे तो तिच्या आठपट झाला, आणि एकही पॅकेट हरवलेलं नाही.

पण रांग भरते तरी का? याचं उत्तर टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याच्या नियमावलीच्या, स्वभावात आहे. फाइल पाठवणाऱ्या यंत्राला वाटेत किती रुंद रस्ता आहे हे माहीत नसतं. ते हळूहळू वेग वाढवत नेतं आणि पॅकेट गळलं की ‘आता गर्दी झाली’ असं समजून वेग कमी करतं. हा शहाणपणा ठेच लागून आला आहे. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ केबीपीएसवरून (किलोबिट प्रति सेकंद) थेट ४० बिट प्रति सेकंदांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. सगळी यंत्रं हरवलेली पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय शोधला आणि १९८८ मध्ये मांडला, त्याच्याच पायावर आजचं टीसीपी उभं आहे.

या उपायाला एक गोष्ट लागते: गर्दी झाली की पॅकेट वेळेवर गळलं पाहिजे. पुढे मेमरी स्वस्त झाली, उपकरणं बनवणाऱ्यांनी ‘पॅकेट गळणं वाईट’ म्हणून बफर मोठमोठे केले, आणि टीसीपीला मिळणारा इशाराच उशिरा मिळू लागला. पाठवणारा रांग भरत राहतो, कारण गर्दी झाल्याचं त्याला कोणी सांगतच नाही. २०१०च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने घरच्या कनेक्शनवर हा प्रकार नीट मोजून जगासमोर आणला. ‘बफरब्लोट’ हे त्याचं नाव त्यांच्यामुळेच रूढ झालं.

अपलोड भरलं की डाउनलोडही बसतं, हे अनेकांना कोडं वाटतं. खाली येणाऱ्या प्रत्येक एक-दोन पॅकेटांमागे तुमचं यंत्र ‘मिळालं’ अशी एक पोच वर पाठवत असतं. १०० एमबीपीएसने डाउनलोड चालू असेल तर सेकंदाला सुमारे ८,३०० पॅकेटं येतात. दर दोन पॅकेटांना एक पोच धरली तर सेकंदाला चार हजारांवर पोचा वर जायला हव्यात. पोच असते चिमुकली, तरी त्यांना मिळून अपलोडचे जवळपास २ एमबीपीएस लागतात. अपलोड ५ एमबीपीएसचंच असेल आणि ते क्लाउड बॅकअपने भरलेलं असेल, तर या पोचा रांगेत अडकतात. पलीकडचा सर्व्हर पोचेची वाट बघत थांबतो आणि तुमचं १०० एमबीपीएसचं डाउनलोड १५-२०वर येतं. दोष मात्र ‘डाउनलोड स्पीड’ला दिला जातो.

रांग ओढून आपल्याकडे आणायची

आता महत्त्वाचा मुद्दा. ही रांग बहुतेक वेळा तुमच्या राउटरमध्ये नसतेच. राउटर आणि मोडेम (घराला पुरवठादाराच्या लाइनशी जोडणारं उपकरण) यांच्यातली केबल १००० एमबीपीएसची असते, त्यामुळे राउटर आलेलं सगळं झटपट मोडेमकडे ढकलून देतो. खरी अरुंद जागा मोडेमच्या पलीकडे असते, म्हणून रांग मोडेममध्ये लागते. डाउनलोडची रांग तर त्याहून लांब, सेवा पुरवठादाराच्या उपकरणात. राउटरमध्ये कितीही हुशार नियम लिहा, जिथे रांगच नाही तिथे कोणाला पुढे काढणार?

नरसाळ्यातून तेल ओततानाचा अनुभव आठवा. मान अरुंद असते, भांडं मोठं असतं. भसाभस ओतलं की नरसाळं तुंबतं आणि मग त्यात काय आधी गेलं, काय नंतर, यावर आपला काही ताबा राहत नाही. मानेतून जितकं जातं त्याहून किंचित हळू ओतलं तर नरसाळं भरतच नाही आणि धार पूर्णपणे आपल्या हातात राहते.

ट्रॅफिक शेपिंग म्हणजे हेच हळू ओतणं. अपलोड १० एमबीपीएसचं आहे तर राउटरला सांगायचं, तू ९.५नेच सोड. आता सगळ्यात अरुंद जागा राउटर स्वतः झाला. मोडेममधली रांग रिकामी राहते, साचणारं सगळं राउटरच्या मेमरीत साचतं, आणि तिथे कोणतं पॅकेट आधी सोडायचं, कोणतं टाकून द्यायचं हे ठरवता येतं. पाच टक्के वेग सोडून दिला आणि रांगेची मालकी मिळवली, असा हा सौदा आहे. माझ्या मते नेटवर्किंगमध्ये इतक्या कमी किमतीत इतकं मोठं फळ देणारं दुसरं सेटिंग नाही.

डाउनलोडचं गणित थोडं वेगळं. पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचलं तेव्हा ते अरुंद वाट ओलांडून आलेलं असतं. त्याला आता अडवून काय उपयोग, असं वाटू शकतं. उपयोग असा की राउटरने ते थोडं थांबवलं किंवा टाकून दिलं, की पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो वेग कमी करतो. परिणाम होतो, पण आडवाटेने आणि थोड्या उशिराने. त्यामुळे डाउनलोडमध्ये जास्त मोकळी जागा सोडावी लागते. अपलोड ९५ टक्क्यांवर ठेवलं तर डाउनलोड ८५ ते ९० टक्क्यांवर, अशी सुरुवात बरी पडते.

शेपिंगचाच एक सख्खा भाऊ आहे, त्याला पोलिसिंग म्हणतात. दोन्ही वेग मर्यादेत ठेवतात, पण शेपर जास्तीचं पॅकेट रांगेत थांबवून नंतर सोडतो आणि पोलिसर ते तिथल्या तिथे टाकून देतो. पोलिसिंगला मेमरी लागत नाही आणि प्रोसेसरवरही कमी भार येतो, म्हणून सेवा पुरवठादारांना ते सोयीचं. घरच्या किंवा ऑफिसच्या राउटरवर मात्र निवड करता येत असेल तर शेपिंगच निवडा. पोलिसिंगमध्ये टीसीपीला एकामागून एक फटके बसतात आणि प्रत्यक्ष वेग ठरवलेल्या मर्यादेच्या बराच खाली राहतो.

दोघांच्याही मुळाशी टोकन बकेट नावाची एकच युक्ती असते. एका काल्पनिक बादलीत ठरावीक गतीने टोकन पडत राहतात. पॅकेट सोडायचं तर त्याच्या आकाराएवढी टोकन खर्चावी लागतात. टोकन पडण्याची गती म्हणजे तुमची मर्यादा, आणि बादलीचा आकार म्हणजे एका दमात किती सोडता येईल ते, अर्थात ‘बर्स्ट’. समजा मर्यादा १० एमबीपीएस, बादली १ मेगाबाइटची, म्हणजे ८० लाख बिटांची, आणि मूळ वाट १०० एमबीपीएसची. बादली भरलेली असेल तर सुरुवातीचे सुमारे ८९ मिलिसेकंद डेटा पूर्ण १०० एमबीपीएसने धावतो आणि मग १०वर स्थिरावतो. काही कनेक्शनांवर स्पीड टेस्टचा काटा आधी उंच जाऊन मग खाली बसतो, त्यामागे बऱ्याचदा अशीच बादली असते. बादली फार मोठी ठेवली तर पुढच्या मोडेममध्ये पुन्हा रांग लागते. अति लहान ठेवली तर ठरवलेला वेगही गाठता येत नाही.

रांगेतला न्याय

रांग आपल्याकडे आली, आता तिचं करायचं काय? साधी रांग पहिला आला तो पहिला गेला या तत्त्वावर चालते. ऐकायला न्याय्य वाटतं, पण इथे ‘बळी तो कान पिळी’ असं होतं. जो सगळ्यात जास्त पॅकेटं कोंबेल त्याला सगळ्यात जास्त वाटा. जॉन नेगल यांनी ही अडचण १९८५ मध्येच आरएफसी ९७० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली होती आणि तोडगाही सुचवला होता: प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी करा आणि आळीपाळीने प्रत्येकीतून एकेक पॅकेट सोडा. मग कोणी कितीही कोंबलं तरी लांबते फक्त त्याची स्वतःची रांग.

दुसरा भाग म्हणजे पॅकेट कधी टाकायचं. अनेक वर्षं रांगेची लांबी बघून हे ठरवायचे प्रयत्न झाले, पण किती लांबी म्हणजे जास्त, हे दर वेगाला बदलतं आणि ते आकडे जुळवता जुळवता नेटवर्क प्रशासकांच्या नाकी नऊ यायचे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. लांबी सोडा, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते मोजा. क्षणभर गर्दी झाली आणि विरली तर कोडेल काही करत नाही. पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत रांगेतला उशीर एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर रांग मुक्कामाला आली असं समजून ती एकेक पॅकेट टाकायला लागते, आणि रांग हटत नसेल तर अधिकाधिक वेगाने टाकते. हे दोनच आकडे, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना हात लावावा लागत नाही.

या दोन कल्पनांचं लग्न म्हणजे एफक्यू-कोडेल. ती २०१२ मध्ये लिनक्समध्ये आली आणि जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. ती येणारे प्रवाह (एकेका जोडणीची पॅकेटं) मुळात १०२४ छोट्या रांगांमध्ये विभागते आणि प्रत्येक रांगेवर कोडेलची नजर असते. यात एक फार सुंदर बारकावा आहे. ज्या प्रवाहाची पॅकेटं तुरळक येतात, त्यांना ती आपोआप पुढे सोडते. कॉलचा आवाज, गेमच्या हालचाली, पत्ता शोधणारी डीएनएसची चौकशी हे सगळे तुरळक प्रवाह. मोठी फाइल हा जाडजूड प्रवाह. म्हणजे ‘हा कॉल आहे, याला आधी सोड’ असं कोणी न सांगताही बहुतेक वेळा कॉल आधी जातो.

तरी एक पळवाट उरते. टॉरेंटसारखा प्रोग्रॅम एकाच वेळी ५० जोडण्या उघडतो. प्रवाहागणिक समान वाटा द्यायचा तर त्याला ५० वाटे आणि शेजारी व्हिडिओ बघणाऱ्याला एक. २०१८च्या लिनक्स ४.१९ मध्ये आलेल्या केक या पद्धतीने हे बंद केलं. ती आधी यंत्रागणिक समान वाटे करते, मग प्रत्येक यंत्राच्या वाट्यात प्रवाहागणिक. फक्त त्यासाठी तिला नॅटच्या (घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीच्या) आतले खरे पत्ते बघायला सांगावं लागतं. तो ‘नॅट’ पर्याय चालू केला नाही तर बाहेरच्या बाजूने घरातली सगळी यंत्रं एकच सार्वजनिक पत्ता म्हणून दिसतात आणि यंत्रागणिक वाटणीला काही अर्थच राहत नाही.

ओपनडब्ल्यूआरटी या फर्मवेअरमध्ये (राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एसक्यूएम नावाच्या पॅकेजमधून एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही मिळतात. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस ७ या राउटरच्या सिस्टिममध्ये दोन्ही आहेत. युबिक्विटी कंपनीच्या उपकरणांत ‘स्मार्ट क्यू’ या नावामागे एफक्यू-कोडेलच काम करते. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये यातलं काही दिसलं तर बाकीचे पर्याय चाळण्यात वेळ घालवू नका.

आकडे कसे ठरवायचे

आधी मोजा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, बाकीची यंत्रं बंद ठेवा, शेपिंग बंद करा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेग मोजा. प्लॅनवर छापलेला आकडा धरू नका, आणि मोजलेल्यातला सगळ्यात मोठाही नको. गर्दीच्या वेळी सातत्याने मिळतो तो धरा. सोबत पिंगही बघा: एकदा लाइन रिकामी असताना, एकदा अपलोड चालू असताना, एकदा डाउनलोड चालू असताना. रिकामी असताना २० मिलिसेकंद आणि भरल्यावर ४०० असेल, तर रोग हाच. भरल्यावरही २५-३० असेल तर तुमच्याकडे बफरब्लोट नाही, आणि पुढचं काही करायची गरजही नाही.

मग वर सांगितलेल्या टक्क्यांनी मर्यादा घाला आणि भरल्या लाइनवर पिंग पुन्हा मोजा. तो रिकाम्या लाइनच्या जवळ आला की मर्यादा थोडी थोडी वाढवत न्या. ज्या आकड्यावर पिंग पुन्हा चढायला लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबा. अपलोड आणि डाउनलोड वेगवेगळं जुळवा; दोन्ही एकदम हलवलं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

या टप्प्यावर एककं घात करतात. इंटरनेटचा वेग बिटांत असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटने उतरणार, त्यात कोणी काही खात नाही. एसक्यूएमच्या चौकटीत आकडा किलोबिटमध्ये भरायचा असतो. तिथे १०० एमबीपीएससाठी १००००० लिहावं लागतं. कोणी नुसतं १०० लिहिलं तर लाइन १०० किलोबिटवर येते आणि अख्खं घर ओरडायला लागतं. शून्य लिहिलं तर त्या दिशेला मर्यादाच लागत नाही. लिनक्सच्या टीसी या आज्ञेत तर आणखी मजा आहे: तिथे ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, आणि ‘एमबीपीएस’ लिहिलं तर ती मेगाबाइट प्रति सेकंद समजते, म्हणजे सरळ आठपट. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला इतरांची झोप उडवायची हौस असावी.

दिशांचाही असाच घोळ. मायक्रोटिकच्या सिंपल क्यू या मर्यादा घालायच्या सेटिंगमध्ये आधी अपलोड, मग तिरपी रेघ, मग डाउनलोड लिहितात, आणि दोन्ही त्या वापरकर्त्याच्या बाजूने मोजायचे. एसक्यूएम बाहेरच्या, म्हणजे वॅनच्या (इंटरनेटच्या बाजूच्या) इंटरफेसवर, अर्थात जोडणीवर, लावलं तर डाउनलोड-अपलोड नावाप्रमाणे चालतात. आतल्या इंटरफेसवर लावलं तर उलटे होतात.

डीएसएलवाल्यांसाठी (टेलिफोनच्या तारेवरून नेट घेणाऱ्यांसाठी) आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ओव्हरहेड. पॅकेटवर वाटेत वेष्टनं चढतात. पीपीपीओई ही लॉगिन करून जोडायची पद्धत ८ बाइट घेते. एटीएम या डेटा वाहण्याच्या जुन्या पद्धतीवर चालणाऱ्या डीएसएलमध्ये सगळं ५३ बाइटच्या सेलमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या डब्यांत, भरून जातं, त्यातले ४८च कामाचे, आणि शेवटचा सेल अर्धा रिकामा असला तरी पूर्ण मोजला जातो. ४० बाइटची एक पोच वाटेत १०६ बाइटची होऊ शकते. राउटरला हे सांगितलं नाही तर मोठ्या पॅकेटांना त्याचा हिशेब बरोबर येतो आणि छोटी पॅकेटं खूप झाली की चुकतो. नेमका आकडा माहीत नसेल तर थोडा जास्तच धरा. जास्त धरल्याने किंचित वेग जातो, कमी धरल्याने रांग परत मोडेमकडे जाते.

मोबाइल नेटवर्कवर चालणारी आणि उपग्रहाची कनेक्शनं हा वेगळाच विषय आहे, कारण तिथे मूळ वेगच क्षणाक्षणाला बदलतो. एक ठरावीक मर्यादा घातली तर कधी ती जास्त पडते, कधी कमी. ओपनडब्ल्यूआरटीसाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग मोजत राहते आणि तो वाढला की मर्यादा आपोआप खाली आणते. ते जमत नसेल तर वाईटात वाईट वेळेचा वेग धरून चालावं लागतं.

माणशी मर्यादा

वसतिगृह, छोटं ऑफिस, पाहुण्यांसाठीचं वाय-फाय अशा ठिकाणी लगेच मागणी होते: ‘प्रत्येकाला १० एमबीपीएस लावून टाका.’ १०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा जण असतील तर हिशेब सुबक दिसतो. पण रात्री एकटा जागा असलेला माणूसही १०वरच अडकतो आणि ९० एमबीपीएस वाया जातात. वाया गेलेली बँडविड्थ साठवून दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. आणि पन्नास जण एकदम आले तर माणशी १०चा काही उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

त्यापेक्षा हमी आणि कमाल असे दोन आकडे द्यावेत. लिनक्समधली एचटीबी ही वेग वाटायची पद्धत आणि तिच्या वळणावर चालणाऱ्या बहुतेक राउटरांच्या पद्धती यांत हीच सोय असते. समजा एकूण मर्यादा ९० ठरली. ऑफिसच्या कामाला हमी ४०, कमाल ९०. पाहुण्यांना हमी २०, कमाल ५०. कॅमेरे आणि बॅकअपला हमी ३०, कमाल ६०. सगळे एकदम तुटून पडले तर प्रत्येकाला आपली हमी मिळते. कोणी वापरत नसेल तर त्याचा वाटा दुसरा उसना घेतो, आपल्या कमालीपर्यंत. एकच पथ्य पाळायचं: हम्यांची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा जास्त होता कामा नये. इथे ४०, २० आणि ३० मिळून बरोबर ९० होतात. ही बेरीज ओलांडली की हमी फक्त कागदावर उरते, आणि ज्याच्या नशिबात जे येईल ते.

माणसं सतत येत-जात असतील तर प्रत्येकासाठी वेगळा नियम लिहिणं शक्य नसतं. मायक्रोटिकची पीसीक्यू तिथे कामाला येते. ती पत्त्यागणिक आपोआप छोट्या रांगा करते आणि जितके हजर तितक्यांत वाटते. केकही यंत्रागणिक तेच करते.

मायक्रोटिकच्या ‘बर्स्ट’बद्दल दोन शब्द, कारण त्यावरून भांडणं होतात. समजा मर्यादा १० एमबीपीएस, बर्स्ट-लिमिट २०, उंबरठा ८ आणि बर्स्ट-टाइम १६ सेकंद. वाचणाऱ्याला वाटतं १६ सेकंद २०चा वेग मिळेल. तसं नसतं. राउटर मागच्या १६ सेकंदांची सरासरी काढतो आणि ती ८च्या खाली आहे तोवरच २० देतो. शांत बसलेल्या वापरकर्त्याने २०ने ओढायला सुरुवात केली की ती सरासरी ६.४ सेकंदांत ८ला पोहोचते: ८ गुणिले १६ भागिले २०. वेबपानं उघडायला एवढा जोर पुरतो आणि मोठ्या डाउनलोडला नाही, म्हणून हे सेटिंग मला आवडतं, पण ग्राहकाला सांगताना ६.४ सांगावं.

प्राधान्याचा मोह

प्राधान्यावर मी थोडक्यात आटपतो, कारण वर सांगितलेलं नीट लागलं असेल तर त्याची गरज क्वचित पडते. पॅकेटच्या माथ्यावर डीएससीपी नावाची ६ बिटांची खूण असते. तिच्या ६४ किमती होतात आणि त्यातली ४६ ही आवाजासाठी वापरतात. स्वतःच्या इमारतीतल्या नेटवर्कवर ती उत्तम चालते. इंटरनेटवर मात्र ती बऱ्याचदा वाटेतच पुसली जाते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या पॅकेटवर तिचा भरवसा धरता येत नाही.

प्रोग्रॅम ओळखून प्राधान्य देणारी यादी अनेक घरगुती राउटरांत असते. आजचं बहुतेक सगळं ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असल्याने राउटरला आत काय आहे ते दिसत नाही. तो सर्व्हरच्या नावावरून आणि पॅकेटांच्या चालीवरून अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकतात. प्राधान्य द्यायचंच असेल तर त्या वर्गालाही कमाल मर्यादा घाला. नाहीतर वरच्या वर्गात घुसलेला एखादा जाडा प्रवाह बाकीच्यांना उपाशी मारतो. खरं तर उलटा उपाय जास्त टिकाऊ असतो: कोणालाही वर न चढवता बॅकअप आणि अपडेटसारखी बिनघाईची कामं खालच्या वर्गात टाकायची.

सगळं केलं तरी फरक पडत नाही तेव्हा

सगळ्यात आधी हार्डवेअर ऑफलोड तपासा. वेग वाढावा म्हणून अनेक राउटर ओळखीच्या जोडण्यांची पॅकेटं मुख्य प्रोसेसरला वळसा घालून परस्पर सोडतात. वळसा घातला की रांगेलाही वळसा. मायक्रोटिकमध्ये याचं नाव फास्टट्रॅक; फायरवॉलच्या मूळ मांडणीत तो नियम आयता असतो आणि त्यातून गेलेली पॅकेटं सिंपल क्यूला दिसतच नाहीत. मर्यादा लावली आहे, राउटर ती दाखवतोही आहे, आणि रांगेचा मोजणी-आकडा मात्र शून्याच्या आसपास रेंगाळतो, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. इतर राउटरांत ते ‘फ्लो ऑफलोडिंग’, ‘नॅट ॲक्सेलरेशन’ अशा नावांनी मिळेल. शेपिंग हवं तर हे बंद करावं लागतं.

ते बंद केलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. प्रत्येक पॅकेटला वेळ मोजून सोडणं हे कष्टाचं काम आहे. जुना, एका कोअरचा छोटा राउटर १०० एमबीपीएसच्या आगेमागे दमू शकतो. ५०० किंवा १००० एमबीपीएस शेप करायला चांगला ताकदीचा प्रोसेसर लागतो. भरल्या लाइनवर प्रोसेसरचा वापर बघा. एखादा कोअर १०० टक्क्यांना टेकलेला असेल तर मर्यादा कागदावर काहीही असो, खरी मर्यादा तो प्रोसेसर घालतो आहे. मग एकतर राउटर बदला किंवा फक्त अपलोड शेप करा. त्रासाचा मोठा भाग बहुधा अपलोडमधूनच येतो, आणि त्याचा वेगही कमी असल्याने राउटरला तेवढं झेपतं.

तिसरं, वाय-फाय. केबलवर पिंग स्थिर आणि त्याच वेळी वाय-फायवर उड्या मारत असेल, तर अरुंद जागा हवेत आहे. लांबच्या खोलीतल्या फोनला वाय-फायवर २० एमबीपीएस मिळत असताना वॅनवर ९०ची मर्यादा घालून काय होणार? रांग ॲक्सेस पॉइंटमध्ये (वाय-फाय देणाऱ्या उपकरणात) लागेल. तिथे चॅनेल बदलणं, ॲक्सेस पॉइंट जवळ आणणं, जमतील तितकी यंत्रं केबलवर घेणं हेच उपाय. एकामागे एक दोन राउटर असतील तर शेपिंग बाहेरच्या राउटरवर करा. आतल्यावर केलं तर बाहेरच्याला थेट जोडलेली यंत्रं हिशेबातून सुटतात.

आणि फर्मवेअर अपडेट झालं की ही सगळी पानं एकदा उघडून बघा. ऑफलोड परत चालू झालेला आणि शेपर नावापुरता उरलेला, असंही घडतं. राउटर त्याची सूचना देत नाही. सेवा पुरवठादाराने प्लॅनचा वेग वाढवला तर मर्यादेचे आकडेही नव्याने भरा, नाहीतर वाढलेला वेग तुमच्याच राउटरवर अडून राहील.